आईचं नाव कुठे कुठे होतं

आई किंवा वडील गेल्यावर पहिले तेरा दिवस घरात माणसांची गर्दी असते. पुढे वर्षश्राद्धापर्यंत त्यांच्या पेटीला कुणी हात लावत नाही. आणि मग एखाद्या उन्हाळ्यात, मुलांच्या शाळा बंद झाल्या की, "चला, गावाकडे जाऊन येऊ, मुलांना देवदर्शनही होईल आणि ते सामानही एकदाचं लागेल" असं ठरतं. सहल आणि आवराआवर एकाच गाडीत बसतात. बहुतेक घरांत हे असंच होत असावं. निदान आमच्याकडे तरी असंच झालं.

मी छत्रपती संभाजीनगरला राहते. घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ शिकवते. माझं माहेर हिंगोली जिल्ह्यात, संत नामदेवांच्या नरसीजवळ, कयाधू नदीच्या काठी. माझ्या जन्मदाखल्यावर मात्र जिल्हा परभणी आहे, कारण हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. आण्णा, म्हणजे आमचे वडील, २०११ साली गेले. आई २०२४ च्या माघात गेली. २०२५ च्या एप्रिलमध्ये दादाचा फोन आला. मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं सातबाऱ्यावर लावण्यासाठी शासनाने 'जिवंत सातबारा' नावाची मोहीम काढली होती. "आईच्या वाट्याच्या दोन एकरांचा प्रश्न आहे. तुम्ही दोघी आलात तर तेही होईल, आणि तिची पेटी उघडायची राहिलीये," असं तो म्हणाला.

मे महिन्यात आम्ही निघालो. हे, दोन मुलं आणि मी. जालना, मंठा, जिंतूर करत दुपारी औंढ्याला पोहोचलो. नागनाथाचं दर्शन घेतलं, मुलांनी देवळाच्या भिंतींवरची शिल्पं पाहिली, बाहेर उसाचा रस झाला. सहलीचा भाग तिथेच संपला. पुढे घर होतं.

आमचं घर जुनं, माळवदाचं. भिंतीत धान्याचं बळद आहे, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड अजून उभी आहे. अक्का, माझी थोरली बहीण, आदल्या दिवशीच येऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाची वाटणी तिनेच केली. लुगडी तिच्याकडे, भांडी वहिनीकडे. "तू बी.ए. झालेली, तू कागद बघ," असं मला फर्मान निघालं. पण पहिलं भांडं बाहेर निघालं आणि सगळेच भांड्यांभोवती जमले.

भांडी वाचायची असतात हे माझ्या मुलांना ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे भांड्यावर नाव टाकल्याशिवाय ते घरात येत नसे. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाबद्दल दिलं आणि कधी. आता यंत्राने भराभर कोरून देतात. जुन्या पितळेवर कासार टोच्याने ठिपके ठोकून अक्षरं काढत असे. परात, घागर, कासांडी, चरवी, अशी एकेक वस्तू आम्ही उजेडाला धरून वाचू लागलो. आईचं लग्न १९७३ चं, म्हणजे ऐन दुष्काळातलं. लोक खडी फोडायला जात होते, कामावर सुकडी मिळत होती, घरात मिलोची लाल ज्वारी खात होते. अशा साली तिच्या मामांनी परात दिली होती. परातीवर तिचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि साल.

पुढची घागर मुलीने वाचली आणि विचारलं, "ही दुसरी बाई कोण?" कोण असणार? तीच तिची आजी. लग्नात तिचं नाव बदललं होतं. सासरी आल्यावर मिळालेल्या भांड्यांवर 'सौ.' लावून नवं नाव होतं, नवऱ्याचं नाव होतं, आडनाव होतं. मुलगी म्हणाली, "मग पहिल्या नावाचं काय झालं?" अक्काने उत्तर दिलं, "परातीवर राहिलं."

मी सहज मोजलं. लहानमोठी चौसष्ट भांडी निघाली. त्यांपैकी अकरांवर आईचं नाव होतं, माहेरचं किंवा सासरचं. बाकी सगळ्यांवर आजोबांचं, आण्णांचं, नाहीतर दादाचं. यातली कितीतरी आईने स्वतः घेतलेली. जुने कपडे साठवून बोहारणीशी तासन् तास घासाघीस करून मिळवलेली, आठवडी बाजारात भाजी विकून आणलेली. पण नाव टाकायची वेळ आली की ती दुकानदाराला मुलाचं नाव सांगायची. तसं सांगायला तिला कुणी लावत नव्हतं. तशी रीतच होती. आणि अगदी अलीकडची भांडी म्हणजे वर्षश्राद्धाला आम्ही वाटलेल्या स्टीलच्या ताटांतली उरलेली सहा. त्यांवरही तिचंच नाव, पण आधी 'कै.'. म्हणजे अकरांत ती सहा धरली तर सतरा.

लुगड्यांत फार काही नव्हतं. दोन इरकली, लग्नातला शालू आणि रोजची पातळं. जी विरली होती ती आईने जिवंतपणीच वाकळांत शिवून टाकली होती. उतरंडीच्या तळच्या मडक्यात चिंधीत बांधलेली सात नाणी सापडली. त्यांवर चारमिनार पाहून मुलगा हरखला. ही निजामाची नाणी, हाली सिक्का. आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्याचं नाणं पुढेही काही वर्षं बाजारात चालत होतं. सात हालीला सहा सरकारी रुपये असा भाव होता. १९५९ साली ती कायमची बाद झाली. बहुधा आजीने आईला दिली असावीत. बाद झालेलं नाणंही बायका टाकून देत नाहीत!

मग कागद. पत्र्याच्या पेटीत तळाशी, शालूच्या घडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ते होते. काही उर्दूतले, आजोबांच्या वेळचे. ते आम्हाला कुणालाच वाचता आले नाहीत, पण मी ते बाजूला नीट ठेवले. मराठवाड्यात अशा कागदांना आता फार मोल आलं आहे. निजामाच्या काळातल्या महसुली नोंदी उर्दूत, कित्येक मोडीत. त्या शोधण्यासाठी २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून गावोगाव लोक जुन्या पेट्या उघडत आहेत. आईचं बचत गटाचं पुस्तक होतं, पोस्टाचं पासबुक होतं, आण्णांचा शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला होता. आणि एक चौघडी केलेला सातबारा होता, तलाठ्याने हाताने लिहिलेला, १९९३ चा.

त्या कागदावर हळदी-कुंकू लावलेलं होतं. एकदा लावलेलं नाही. बोटांचे डाग एकावर एक होते, काही पार फिकट, काही अगदी अलीकडचे.

अक्का एकदम म्हणाली, "अगं, हा तोच कागद! लक्ष्मीपूजनाला पाटावर वहीखाली ठेवायची. मला वाटायचं, कर्जाचा कागद आहे, लवकर फिटावं म्हणून ठेवते."

कर्जाचा नव्हता. तो चार एकरांच्या एका तुकड्याचा उतारा होता, आणि त्यावर आण्णांच्या नावाशेजारी आईचं नाव होतं.

नव्या पिढीच्या वाचक मैत्रिणींना कदाचित ठाऊक नसेल म्हणून सांगते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. त्यानंतर काही वर्षांत संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. साधी गोष्ट होती : शेतात राबणाऱ्या बायकोच्या नावे थोडी तरी जमीन करा. पुरुषांनी आपणहून करायचं, उपकार म्हणून नव्हे, देणं फेडायचं म्हणून. १९९२ साली शासनानेही तसं परिपत्रक काढलं, की नवऱ्याने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावावं. आमचे आण्णा बोलण्यात रागीट, पण बिल्ला लावला की त्याला जागणारे. त्यांनी अर्ज दिला होता. तेव्हा मी चार वर्षांची होते. आई अडतीस वर्षांची होती, आणि वीस वर्षं त्या रानात राबत होती.

आण्णा गेले तेव्हा त्यांच्या वाट्याचं हक्कसोडपत्र आम्ही दोघी बहिणींनी दादाला करून दिलं. आईनेही दिलं. तसं देताना आमच्या मनात किंतु नव्हता, आजही नाही. पण त्या चार एकरांतला स्वतःचा निम्मा वाटा आईने सोडला नाही. "हा राहू दे," एवढंच म्हणाली होती. तेव्हा कुणी कारण विचारलं नाही. आता तो हळदीने माखलेला कागद मांडीवर घेऊन आम्ही बसलो होतो आणि कारण विचारायला आई नव्हती.

खरा प्रश्न संध्याकाळी निघाला, आणि तो निघणारच होता. दादाने शांतपणे विचारलं, "मग आईच्या दोन एकरांचं कसं करायचं? मागच्यासारखं?" अक्का लगेच म्हणाली, "मी सही करून देते. माहेर राहिलं पाहिजे, रान काय करायचंय?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आधी तिन्ही नावं लागू देत. मग बघू."

घरात शांतता झाली. भाकरी थापता थापता वहिनी बोलली. आवाज चढवला नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. "वन्सं, शेवटची दोन वर्षं आत्या अंथरुणावर होत्या. हागणं-मुतणं मी काढलं. अन् उताऱ्यावर नावं तिघांची."

मैत्रिणींनो, यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बोलली त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. आम्ही दोघी सुट्टीला यायचो, दोन दिवस पाय चेपायचो, डोळे पुसत परत जायचो. आईचं करणारी वहिनीच होती. कायदा सांगतो की बाईने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिच्या मिळकतीवर तिच्या मुलांचा, मुलींचा आणि नवरा हयात असेल तर त्याचा सारखा हक्क. सुनेचं नाव त्या यादीत नाही. जिने केलं तिचं कागदावर काहीच नाही, हे मला त्या रात्री पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

पण मी माझं म्हणणं सोडलं नाही, कारण ते रानासाठी नव्हतं. त्या रानात राबायला मी येणार नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी एवढंच म्हटलं की, सोडायचं असेल तरी आधी नाव लागायला हवं. जे आपलं आहे असं कुठे लिहिलेलंच नाही, ते आपण सोडलं असं तरी कसं म्हणायचं? आईनेसुद्धा आण्णांच्या वाट्यातलं सोडलं, ते आधी वारस म्हणून नाव लागलं, मगच. आणि हा तुकडा ती तीस वर्षं पुजत होती. तिचं नाव पुसून तिथे थेट दादाचं नाव येणं, मधे आम्ही मुली होतो याची खूणही न राहणं, हे मला बघवत नव्हतं. दादा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला. शेवटी म्हणाला, "राहू द्या नावं. रान मीच करतोय, कुठं पळून चाललंय?"

त्या रात्री वहिनी फारशी बोलली नाही. मला वाटलं, गाठ बसली. सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती दादाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वन्सं, ते परिपत्रक का काय, ते अजून चालतं का? तुमच्या दादाच्या नावावर आहे त्यात माझं नाव लागंल का?"

दादाला ठसका लागला. अक्का हसू लागली. मी सांगितलं, "चालतं. पण अर्ज दादानेच करावा लागतो." वहिनी म्हणाली, "करतील की. सासऱ्यांनी केला, मग ह्यांना काय झालं?"

सामान आम्ही असं वाटलं. माहेरच्या नावाची परात अक्काकडे गेली, सासरच्या नावाची घागर माझ्याकडे. उरलेल्या नऊ भांड्यांवरचं आईचं नाव वहिनीने आपल्याकडे मागून घेतलं, आणि ते रास्त होतं. नाणी चार नातवंडांत वाटली. सात होती म्हणून भांडण झालं, ते दादाने उरलेली तीन देव्हाऱ्यात ठेवून मिटवलं. शालू कुणीच घेतला नाही. तो पेटीतच राहिला आणि त्याच्याखाली तो सातबाराही, जसा आईने ठेवला होता तसा. वाचण्यापुरता मी त्याचा फोटो काढून तिघांना पाठवला.

ज्यांना असं काम लवकरच करावं लागणार आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी लिहिते. सगळे वारस हजर असतील त्याच दिवशी पेटी उघडा, आणि एकीने वहीत यादी करत बसा. भांडी आणि लुगडी थांबू शकतात. आधी कागद बघा. जुना कागद लॅमिनेट करू नका, तो खराब होतो आणि नंतर सोडवता येत नाही. फोटो काढून, कोरड्या पाकिटात सपाट ठेवा. न वाचता येणारा कागद म्हणजे रद्दी नव्हे. पासबुकं तपासा. दहा वर्षं व्यवहार नसलेल्या बँक खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण वारसांना ती मागता येते. अशी खाती शोधायला रिझर्व्ह बँकेने २०२३ पासून 'उद्गम' नावाचं संकेतस्थळ चालू केलं आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात ठेवा : तो रक्कम ताब्यात घेतो, वाटा वारसांचाच असतो. वारसनोंद आणि हक्कसोड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारसनोंद तलाठ्याकडे अर्ज देऊन होते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि त्याला घाई कसलीच नसते. कुणी "आत्ताच सही कर" म्हणालं, तर "आधी नोंद होऊ दे" एवढं म्हणायला शिकावं. त्यात भांडण नाही. आणि पितळेची भांडी वापरायला काढणार असाल तर आधी कल्हई करून घ्या. चिंचेचं, दह्याचं त्यांत ठेवू नका.

काळ बदलतो आहे, यात शंका नाही. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असं लिहायचं ठरलं आहे. माझ्या आईला हे ऐकून गंमत वाटली असती. तिच्या वेळी नाव टिकायचं ते ठिपक्या-ठिपक्यांनी पितळेवर, आणि एकदाच, एका रागीट माणसाने बिल्ल्याला जागून दिलेल्या अर्जामुळे, सातबाऱ्यावर.

पावसाळा सुरू झाला तेव्हा दादाचा फोन आला. आईच्या वाट्यावर तिघांची नावं लागली होती. अक्काने अजून सही केलेली नाही. करायची असेल तर ती करील, सोडण्याचाही हक्क तिचाच आहे. दुसरी बातमी त्याने जरा आढेवेढे घेत सांगितली. वहिनीच्या नावाचा अर्ज दिला होता. फोन तिने हातातून काढून घेतला आणि विचारलं, "वन्सं, उताऱ्यावर माझं सासरचं नाव लागंल का माहेरचं?"

मी म्हटलं, "आधारवर आहे तेच." ती थोडं थांबली. मग म्हणाली, "बरं. माहेरचं भांड्यावर हाय की."